पडद्यांचं माप

...नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिथे टाचण्या आहेत — म्हणजे बसायचंच असेल तर बसा, मी काही हात धरणार नाही, पण मागाहून मला बोल लावू नका. इकडे स्टुलावर बसा. आणि आवाज जरा हळू, आतल्या खोलीत बाळ झोपलंय, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा, आणि ते झोपलं की दर पाच मिनिटांनी जाऊन मला त्याचा श्वास बघावा लागतो — हसा, सासूबाईपण हसतात — पुस्तकात लिहिलंय असं करू नये, आईच्या काळजीनं मूल बुजरं होतं, आणि ते वाचल्यापासून मला आणखी एक काळजी लागली, की माझ्या काळजीनं ह्याचं काय होणार. शिकून हेच मिळवलं मी, काळजी छापील अक्षरांत वाचायला. तर काय म्हणत होतात तुम्ही — फ्रॉक न्यायला आलात. चार महिन्यांनी. मुलीचा वाढदिवस आहे, घाई करा, असं म्हणून शिवायला टाकलेला फ्रॉक चार महिन्यांनी न्यायला आलात. वाढदिवस झाला असेल की हो मग. कसा झाला?

बरं, नका सांगू. मुलगी कशी आहे तेवढं तरी सांगा. सहा वर्षांची म्हणाला होतात. छाती चोवीस, कंबर बावीस, फ्रॉकची उंची चोवीस — तोंडपाठ आहेत मला तुमची मापं, कारण असली मापं मी जन्मात लिहून घेतली नव्हती. कुठे पाव नाही, अर्धा नाही. ताई, कुठलंही मूल पूर्णांकात नसतं. पोट पावणेतेवीस असतं, जेवून आलं की सव्वातेवीस, एक खांदा दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली असतो, शाळेच्या दप्तरानं. तुमची मापं टेपनं घेतलेली नव्हती, कुठल्याशा तक्त्यातून उतरवलेली होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं होतं — म्हणजे कळलं असं नाही, खटकलं. आणि खटकलेलं आपण काय करतो, सुटलेल्या बटणासारखं डबीत टाकतो, नंतर बघू म्हणून. माझी ती डबी भरत आली होती तेव्हा. ताई म्हणतेय मी तुम्हाला अजून, सवयीनं. दुसरं काय म्हणायचं ते ठरेना.

फ्रॉक हा बघा. घडी मोडा, बघा ना, गिऱ्हाईक आहात तुम्ही. घेर चांगला पडलाय, नाही? त्याचं कारण सांगते. तुम्ही मुलीला एकदाही ट्रायलला आणलं नाहीत — एकदा ताप आला, एकदा शाळा होती — आणि अंगावर चढवून बघितल्याशिवाय मी फ्रॉकचा घेर सोडत नाही, त्यात मी हटवादी आहे. मग मी काय केलं? मागच्या घरातल्या भिंगरीला घातला. हो. त्याच घरातल्या. आता टीव्हीवर त्याला अड्डा म्हणतात, आम्ही उंच भिंतीचं घर म्हणायचो, त्यापलीकडे काही म्हणायचं कारणच नव्हतं. त्या घरातून बाहेर पडणारी माणसं दोनच, एक उंच बाई आणि एक ही पोर. खरं नाव असेल की तिला, पण एका जागी उभी म्हणून राहायची नाही, म्हणून मी भिंगरी म्हणायचे. बाई कपडे टाकायला आली की ही माझ्या बाळाच्या पाळण्याशी जाऊन उभी, त्याच्या पायाची बोटं मोजायची, दर खेपेला, जणू मधल्या काळात एखादं वाढलं असेल. तर तुमचा फ्रॉक तिला घातला, आणि टाचण्या लावू देईल तर शपथ — त्या आरशासमोर गरागरा फिरली, घेर असा ताटासारखा उभा राहिला. मला म्हणाली, कुणाचा आहे? म्हटलं, आहे एका मुलीचा. म्हणाली, तिला सांगा मी फक्त बघितला, घेतला नाही. — घ्या. निरोप होता तिचा तुमच्या मुलीला. पोचवा.

पाणी देऊ? नको तर नको.

पडद्यांचं म्हणताय? मला वाटलंच, फ्रॉकवर गाडी फार वेळ थांबणार नाही. पडदे आधी झाले, तुम्ही यायच्या दोन महिने आधी. बाई म्हणाली, सगळ्या घराला पडदे हवेत, वरच्या मजल्याला दुहेरी अस्तराचे, वरपासून जमिनीपर्यंत, माझे मामा आजारी असतात, त्यांना उजेड सोसत नाही. माप तूच ये घ्यायला. त्या घरात बाहेरचं कुणी शिरलं असेल तर ती मी — पाठीला बाळ बांधलेलं, टेप दातात, पेन्सिल कानावर, अशी मी खोल्याखोल्यांतून फिरले. काय होतं? काही नव्हतं. आमच्यासारखंच घर. कोपऱ्यात धुतलेल्या कपड्यांचा ढीग, भिंतीवर पेन्सिलीनं पोरीची उंची मांडलेली, खिडकीशी औषधांच्या बाटल्या. वर पुढची खोली मात्र बंद. तिथलं माप बाईनं आत जाऊन सुतळीला गाठी मारून आणलं. मी दाराबाहेर उभी, आणि नेमकं तेव्हा माझं कार्टं रडायला लागलं, असं की भिंतीचा रंग उडावा. मी थोपटतेय, हलवतेय, काही उपयोग नाही — आणि दाराच्या आतून कुणीतरी चुटक्या वाजवायला लागलं. हळू, ठेक्यात. टक, टक, टक-टक. म्हाताऱ्या माणसाच्या चुटक्या, जरा ओल्या. बाळ गप्प झालं. कान टवकारून ऐकायला लागलं. ह्याचा मला अजून राग आहे — त्या माणसाचा आहेच, पण बाळाचाही. माझ्याकडे गप्प झालं नाही, त्याच्याकडे झालं.

कारण माझे मोठे दीर — आम्ही भाऊजी म्हणायचो — ते बसस्थानकावरच्या स्फोटात गेले ना. तुम्हाला माहीत असणार. तुम्ही काय, मी दुधात साखर किती घालते तेसुद्धा लिहून ठेवलं असेल. तिकीट खिडकीशी उभे होते, सुट्टे नव्हते म्हणून मागे झाले, तिथे ती पिशवी होती. ज्यानं ती ठेवायला लावली त्याचं चित्र पोलीस चौकीबाहेर इतकी वर्षं लागलेलं, उन्हानं पिवळं झालेलं. सासूबाई तो रस्ताच टाळतात. आणि मी त्या चित्रातल्या माणसासाठी दुहेरी अस्तराचे पडदे शिवले, वर चुण्या एकसारख्या पडाव्यात म्हणून दोनदा उसवून.

नाही — तेव्हा माहीत नव्हतं. कसं असणार? आजारी मामा म्हणाली ती. चित्रातल्याला दाढी होती, चुटक्यांना काही दाढी नसते. हां, एवढं खरं की सुतळीवरची पडद्याच्या दांड्याची उंची सहा फुटांच्या वर होती, आणि बाई म्हणाली दांडा ह्याहून खाली नको, मामांचं डोकं लागतं. तर म्हटलं, उंच आहेत मामा. चित्राखाली उंची लिहिलेली असते. ती मी वाचली होती. भाऊजी गेल्यावर रोज वाचायचे येता-जाता, चौकीसमोर भाजीची पिशवी खाली ठेवून. म्हणजे — बटण डबीत टाकलं. बस. एवढंच म्हणते मी.

मग तुम्ही आलात फ्रॉक घेऊन. पहिल्या दिवशी फ्रॉक, दुसऱ्या दिवशी म्हणालात, पडदे पण शिवता का, आधी कुणाचे शिवलेत, जरा वही बघू. मी वही काढली. बाळ रडलं, मी आत गेले. तुम्ही फोन काढून फोटो घेतलात. असं बघू नका, हा आरसा बघा ना कुठे आहे. गिऱ्हाइकाला पाठ दिसावी म्हणून तिरका लावलाय, आतल्या खोलीतून टेबल सबंध दिसतं त्यात. आठ वेळा घेतलात तुम्ही फोटो, पान सरळ करून करून. बाळ कधीच गप्प झालं होतं. मी त्याला उगाच थोपटत उभी होते. तुमचं आटपावं म्हणून.

...आता बोलून गेले. जाऊ दे. तुम्हाला तरी कुठे नवीन आहे. त्या घराच्या पडद्यांचं पान मीच उघडून ठेवलं होतं, एवढी मोठी वही, सहा महिन्यांचं काम, आणि तुमच्यासमोर नेमकं तेच पान उघडावं — वाऱ्यानं? पंखा बंद होता, बाळाला सर्दी होती.

वही देते हो, कुठे पळून जातेय. आधी ऐका. मला अडीच महिने कुणी ऐकणारं मिळालेलं नाही. ह्यांना सांगायची सोय नाही, ह्यांना तर इतका आनंद झाला त्या दिवशी, जेवताना म्हणाले, ज्यानं खबर दिली त्याचे पाय धुऊन पाणी प्यायला पाहिजे. मी पाय टेबलाखाली ओढून घेतले.

दुपारी दोनला आले तुमचे लोक. सामान हलवणाऱ्यांचा ट्रक, त्यातून सहाजण उतरले, सोफा घेऊन. मी मागच्या दोरीवर लंगोट वाळत घालत होते. सोफा बघितला आणि मला कळलं. सोफा उचलताना माणसं कण्हतात, एकमेकांना शिव्या देतात, तुझ्या बाजूनं खाली घे, अरे पाय लागला — आणि हे सहाजण एक शब्द नाही. मी लंगोट तसेच टाकले, बाळाला उचललं आणि न्हाणीघरात जाऊन बसले, कारण पुस्तकात लिहिलंय घरातली सगळ्यात मजबूत जागा ती. तेवढ्यात वरून हेलिकॉप्टर आलं, नळ थरथरायला लागला. गोळ्यांचा आवाज टीव्हीसारखा नसतो. लाकडावर कुणी पट्टी आपटावी तसा, कोरडा. ते मी धरून चालले होते. भिंत मात्र मी धरली नव्हती. तो स्फोट झाला आणि पायाखालची फरशी उचलल्यासारखी झाली, बाळाच्या तोंडातून आवाजच निघेना, नुसतं तोंड उघडं.

का उडवली भिंत? तुम्ही मला सांगू नका, मी सांगते. त्या घराच्या मागच्या बाजूला वर गॅलरी आहे, पत्र्यानं झाकलेली, वरून कुणाला दिसत नाही आणि खालून भिंतीआड. तुमच्याकडे त्या बाजूचं एकच होतं, माझं पान. त्यात लिहिलंय — वर, मागची खोली, अठ्ठेचाळीस बाय चौऱ्याऐंशी. चार फूट रुंद, सात फूट उंच. तुमच्यातल्या कुणी शहाण्यानं वाचलं आणि म्हणाला, हे गॅलरीत उघडणारं दार. इथून गुपचूप शिरू, मधली खोली ओलांडू, पुढच्या खोलीत तो. हो ना? नका मान हलवू, मला उत्तर नकोय. ताई, ते दार नव्हतं. ती खिडकी होती. बावीस इंच रुंद, तीस उंच, वर गज. वहीत मी खिडकीचं माप लिहीत नाही, कापडाचं लिहिते. चुण्या पडायला रुंदी दुप्पट धरायची, दोन्ही कडांना दोन-दोन इंच माया दुमडीसाठी, झाले अठ्ठेचाळीस. आणि लांबी जमिनीपर्यंत, कारण बाईनं तशी सांगितलेली. खिडकीचं माप डोक्यात राहतं, कापडाचं वहीत, कापायला बसलं की तेच लागतं. माझी आई असंच लिहायची. शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला दाखवलं असतंत तर एका मिनिटात म्हणाली असती. पण तुम्हाला शिवणवालीला विचारायचं नव्हतं. तुम्हाला चोरायचं होतं, आणि चोरलेल्या वस्तूबरोबर ती कशी वापरायची ते कुणी सांगत नाही.

तुमची माणसं गॅलरीत चढली आणि समोर दारच नाही. मागे जाता येईना, आवाज झालेला, पुढे हातभर खिडकी. मग भिंत उडवली. आणि भिंतीच्या आतल्या बाजूला, खिडकीखाली, पोरीचा पलंग होता. दुपारी ती तिथे झोपायची. मला माहीत होतं, मी त्याच पलंगावर उभी राहून खिडकी मोजली होती, चप्पल काढून.

भोक अजून आहे, माझ्या दोरीजवळून दिसतं. पडद्याचा दांडा एका टोकानं लोंबतोय आणि पडदा त्याला धरून आहे. पिवळा, बारीक पाखरांचा, तिनंच निवडला होता. एक टाका सुटलेला नाही. कामाबद्दल कुणी मला नाव ठेवू शकणार नाही.

काय म्हणालात? पुन्हा म्हणा. — चूक माझी नाही, मला काय कळणार होतं. फार छान. किती दयाळू आहात. मग हेही ऐकून ठेवा. त्या दिवशी फोटो घेऊन तुम्ही निघालात ना, तेव्हा मी बाळाला काखेत मारून तुमच्यामागे फाटकापर्यंत आले होते. चप्पल न घालता. तुम्ही कोपऱ्यावर फोन कानाला लावून उभ्या होतात. हाक जिभेवर होती — अहो ताई, ते माप कापडाचं आहे, खिडकी निम्मी धरा. एवढंच वाक्य. एका दमात झालं असतं. पण म्हटलं, हाक मारली तर मला माहीत होतं असं होईल. न सांगता गेलं तर चोरी तुमची. सांगितलं तर खबर माझी. मला तो माणूस मरायला हवा होता, ताई, खोटं कशाला बोलू, पण हात माझे स्वच्छ राहून. मी फाटकाची कडी लावली. ओढून बघितली, तीनदा, लागली ना म्हणून. माझी सवय. आणि घरात येऊन बाळाचा श्वास बघितला.

आता वहीचं. ती माझ्याकडे असणं धोक्याचं आहे म्हणता. त्याची माणसं अजून बाहेर आहेत, अक्षर माझं आहे, घरात लहान मूल आहे. हे तुम्ही काळजीनं म्हणताय की धमकी देताय, तेवढं मला ओळखता येत नाही, तुमच्या आवाजाला अस्तर आहे. पण खरं आहे. रात्री मला ते पान दिसतं. जाळायचं म्हणून दोनदा काढलं आणि परत ठेवलं, का ते विचारू नका. — बरं, विचारा. कारण त्या पानाच्या मागे भिंगरीची उंची आहे. फ्रॉकच्या ट्रायलच्या वेळी लिहिलेली. सव्वापंचेचाळीस. सव्वा, बघा.

त्या दिवशी आवाज थांबल्यावर मी दोरीपाशी गेले होते. तिघांना बाहेर आणलं. एक झाकलेला, लांबच लांब, पाय स्ट्रेचरबाहेर. एक बाई, चालत, डोक्यावरून पिशवी ओढलेली, पण उंचीवरून ओळखली. आणि एका सैनिकानं हातावर घोंगडीत काहीतरी घेतलं होतं. एवढंसं. जपून चालत होता तो. माणूस झोपलेल्या पोरासाठी जपून चालतो आणि मेलेल्यासाठीही जपूनच चालतो, त्यावरून काही कळत नाही. घोंगडी तोंडावरून होती की तोंड उघडं होतं, तेवढंच मला बघायचं होतं. आणि नेमकं बाळ रडलं. मी मान वळवली. परत बघितलं तर गाडीचं दार लागलेलं.

पेपरात आलं, एक ठार, बाकीचे ताब्यात. दुसऱ्या दिवशी आलं, अधिक तपशील देता येत नाही. तिसऱ्या दिवशी काहीच आलं नाही, बाजारभाव आले. चौकीत जाऊन विचारू? काय म्हणून विचारू, मी कोण त्यांची?

तुम्हाला माहीत आहे. नाही म्हणू नका, तुम्ही दाराशी आलात तेव्हा आधी माझ्याकडे नाही, पाळण्याकडे बघितलंत आणि लगेच नजर काढून घेतलीत. तुम्हाला बोलायची परवानगी नसेल. नका बोलू. मी सोपं करून देते. हा फ्रॉक इथे टेबलावर ठेवते. ती जिवंत असेल, कुठेही असेल, कुठल्या आश्रमात, कुठल्या तुमच्या दवाखान्यात, तर फ्रॉक घेऊन जा. तिच्या मापाचा आहे, दुसऱ्या कुणाला बसायचा नाही, खालची दुमड मुद्दाम जास्त ठेवलीय, दोन वर्षं सोडत सोडत चालेल. नेलात की मी समजेन, एक अवाक्षर विचारणार नाही. आणि शेजारी वही ठेवते. मी आत बाळाला बघून येते. मागच्या वेळीही तेवढाच वेळ दिला होता तुम्हाला.

...

झोपलंय. श्वास चालू आहे.

फ्रॉक इथेच आहे.

नको. काही बोलू नका. पर्सची चेन लावा, वहीचा कोपरा बाहेर दिसतोय. नेताय तर एक लक्षात ठेवा, त्यातली सगळी मापं कापडाची आहेत. या वेळी सांगितलं मी. जा आता. दार हळू ओढा.